बेल्ट आवळला तरी पुन्हा ओरडतो : ताण किती द्यायचा आणि तो जातो कुठे

सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि मिनिटाभरात थांबतो. बेल्ट आवळून घेतला की काही दिवस शांतता, मग पुन्हा तेच. ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे, की आता गाडी समोर आली की पाना उचलण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो : याआधी कधी आवळला होता? कारण पहिल्यांदाच सैल झालेला बेल्ट आवळून भागतं. दुसऱ्यांदा सैल झाला, तर ताण कुठेतरी गळतोय असं समजायचं, आणि ती जागा सापडेपर्यंत नुसतं आवळत राहणं म्हणजे बेअरिंगांच्या जिवाशी खेळ.

इथे बोलतोय ते इंजिनच्या बाहेरच्या बेल्टबद्दल. क्रँक पुलीवरून (इंजिनच्या मुख्य दांड्यावरची पुली) निघून बॅटरी भरणारा अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि बऱ्याच गाड्यांत वॉटर पंपही फिरवणारा हा बेल्ट. पुष्कळ जण त्याला अजून फॅनबेल्टच म्हणतात. झाकणाआड असलेला दात्यांचा टायमिंग बेल्ट हे वेगळं प्रकरण आहे. त्याला या लेखातलं काहीही लागू नाही, त्याला हातही लावू नका.

लक्षणं

सैल बेल्टची लक्षणं सहसा अशी दिसतात. थंड इंजिन चालू करताना, विशेषतः दमट हवेत, लांब कर्कश किंकाळी. हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि एसीचा पंखा एकदम लावला की तोच आवाज. आयडलवर, म्हणजे इंजिन चालू पण रेस न देता, दिवे मंद होतात आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उजळतात. बॅटरीचा लाल दिवा क्षणभर लुकलुकतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की ते जड होतं आणि त्याच क्षणी बेल्ट ओरडतो. रबर जळल्याचा वास येतो, पुल्यांच्या आसपास काळी भुकटी साचते. वॉटर पंप याच बेल्टवर असेल, तर चढावर किंवा गर्दीत तापमानाचा काटा वर सरकतो.

गरजेपेक्षा जास्त ताणलेल्या बेल्टची लक्षणं मात्र फारशी कोणाच्या लक्षात येत नाहीत, कारण तो ओरडत नाही. इंजिनच्या वेगाबरोबर चढत जाणारी गुणगुण किंवा घरघर, अल्टरनेटरच्या पुढच्या बेअरिंगचा आवाज, वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून पाझरणारा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव). बेल्ट आवळून आणल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत यातलं काही सुरू झालं, तर कारण बहुधा तेच.

तिसरा आवाज चिमणीसारखा : तुटक, एका लयीत, चिक-चिक-चिक. हा ताणाचा नसतो. पुल्या एका रेषेत नसल्या की असा आवाज येतो. या आवाजावर उपाय म्हणून बेल्ट आवळला, तर तो काही दिवस दबतो आणि मग जास्त जोरात येतो. पुन्हापुन्हा परत येणाऱ्या तक्रारींतल्या कितीतरी इथूनच सुरू झालेल्या असतात.

हात घालण्याआधी

इंजिन बंद, किल्ली खिशात. बटणाने चालू होणारी गाडी असेल, तर किल्ली गाडीपासून लांब ठेवा. रेडिएटरचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, हे विसरू नका. अल्टरनेटरजवळ पाना फिरवायचा असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवा. अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरीवर बॅटरीचा थेट प्रवाह असतो. पाना एकाच वेळी तिला आणि इंजिनला टेकला, तर ठिणगी पडून पान्याचा तुकडा वितळतो, आणि हाताचं काय होईल ते सांगायला नको. इंजिन चालू ठेवून करायच्या तपासण्यांच्या वेळी बाह्या, ओढणी, मोकळे केस, अंगठ्या यांतलं काहीही बेल्टच्या जवळपास नको.

पहिली तपासणी : आवाज कधी येतो

याला काहीच खर्च नाही, म्हणून ही सगळ्यात आधी. आवाज नेमका कोणत्या वेळी येतो ते दोन-तीन दिवस पाहा. फक्त पहिल्या मिनिटात येत असेल, तर अल्टरनेटरवर भार जास्त असताना बेल्ट घसरतोय. स्टार्टरने बॅटरीतून बराच प्रवाह ओढलेला असतो आणि तो भरून काढायला अल्टरनेटर जोर लावतो. १४ व्होल्टला १०० अँपिअर म्हणजे १,४०० वॉट. अल्टरनेटरमधली तूट धरली तर बेल्टवर साधारण २ किलोवॉटचा, म्हणजे पावणेतीन अश्वशक्तीचा भार येतो. तोही बहुतेक गाड्यांत सगळ्यात लहान पुलीवर, जिथे बेल्टचा वेढा कमी असतो. म्हणून घसरण्याची सुरुवात जवळजवळ नेहमी अल्टरनेटरपासून होते. बॅटरी सावरली की भार उतरतो आणि आवाज थांबतो. इथे एक आडवळण आहे : बॅटरीच म्हातारी झाली असेल, तर अल्टरनेटरला रोजच जास्त राबावं लागतं आणि धडधाकट बेल्टही कुरकुरतो. बॅटरी तपासायला बेल्ट सोडवावा लागत नाही, तेव्हा ते आधी करून घ्या.

स्टिअरिंग वळवताना आवाज आला तर पॉवर स्टिअरिंगच्या पंपाकडे, एसीचा क्लच लागताना आला तर कॉम्प्रेसरकडे बघायचं. कायम येत असेल आणि भाराशी त्याचा संबंधच नसेल, तर बेअरिंगचा संशय धरा.

दुसरी : पाण्याचा फवारा

फवारणीच्या बाटलीत साधं पाणी घ्या. इंजिन आयडलवर, आवाज चालू. दुरून बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडासा फवारा मारा. नळी किंवा बादली नको, आसपासच्या विजेच्या जोडण्या भिजायला नकोत.

आवाज दोन-चार सेकंद पूर्ण थांबून परत आला, तर पुल्या रेषेत नाहीत. आवाज वाढला, तर बेल्ट घसरतोय : ताण कमी आहे, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली आणि तिचा दांडा) थकलाय किंवा बेल्टचा पृष्ठभाग गेलाय. काहीच फरक पडला नाही, तर आवाज बहुधा बेल्टचा नाहीच. अर्ध्या मिनिटाच्या या परीक्षेने पुढचा निम्मा गोंधळ संपतो, तरी ती फार थोडे जण करतात. त्याऐवजी बेल्टवर मारायचे चिकट स्प्रे विकत घेतले जातात. स्प्रेने आवाज थोडे दिवस गप्प होतो, पण त्याच्यावर धूळ बसून खाचांमध्ये लगदा तयार होतो आणि खरी खूण पुसली जाते. असा स्प्रे मारलेला बेल्ट आला, तर मी तो तपासण्यात वेळ घालवत नाही. नवा बेल्ट घालतो, पुल्या धुतो आणि मग तपासायला लागतो. साबण आणि मेणबत्ती फासण्याचे उपायही त्याच जातीचे.

तिसरी : टॉर्च आणि डोळे

इंजिन बंद करून बेल्टवर टॉर्च मारा आणि क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या फिरण्याच्या दिशेने हळूहळू फिरवत पूर्ण बेल्ट बघा. चार गोष्टी शोधायच्या.

तेल किंवा कूलंट. बेल्टवर ओल दिसली, तर ती कुठून येते ते आधी शोधा. तेलाने रबर फुगतं, मऊ पडतं आणि कितीही आवळलं तरी धरत नाही. वरच्या झाकणाच्या गॅस्केटमधून, क्रँकच्या सीलमधून किंवा स्टिअरिंगच्या नळीतून गळती चालू असताना नवा बेल्ट घालणं म्हणजे पैसे गटारात टाकणं.

चकाकी. घसरून घसरून तापलेल्या बेल्टच्या खाचांच्या भिंती काचेसारख्या चमकतात आणि नखाला कडक लागतात. असा बेल्ट ताण वाढवून सुधारत नाही, बदलावाच लागतो.

झीज. जुन्या रबराच्या बेल्टला आडव्या भेगा पडायच्या, त्या मोजून बेल्ट बदलायचा की नाही ते ठरवत. हल्लीचे बेल्ट ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. त्यांना सहसा भेगा पडत नाहीत, ते टायरसारखे झिजतात. म्हणून ‘भेगा नाहीत, म्हणजे बेल्ट चांगला’ हा हिशेब आता चालत नाही. रिबांच्या (बेल्टच्या लांबीभर जाणाऱ्या उंच पट्ट्यांच्या) मधली खाच नव्या बेल्टमध्ये खोल आणि टोकदार असते, झिजल्यावर ती रुंद आणि गोलसर होते. मग बेल्ट पुलीत खोल बसतो, त्याचा तळ पुलीच्या तळाला टेकतो आणि बाजूच्या भिंतींवरची पाचर सुटते. पकड असते ती या पाचरीची. ती गेली की अंगठ्याने दाबून बेल्ट ताठ लागला तरी तो घसरतोच.

बेल्टची बैठक आणि नंबर. सहा रिबांचा बेल्ट एका पुलीवर एक खाच सरकून बसलाय, हे मी नव्याने बसवलेल्या बेल्टांत बऱ्याचदा बघतो. प्रत्येक पुलीच्या कडेला टॉर्च लावा. एका बाजूला पुलीची खाच रिकामी आणि दुसऱ्या बाजूला बेल्ट बाहेर डोकावतोय, असं दिसलं की चोर सापडला. बेल्टच्या पाठीवर ‘६ पीके १७५०’ असं काहीतरी छापलेलं असतं : ६ रिबा, पीके म्हणजे ३.५६ मिलिमीटर अंतराची रिब आणि लांबी १,७५० मिलिमीटर. हा नंबर तुमच्या इंजिनच्या यादीशी ताडून बघा. एसी असलेल्या आणि नसलेल्या एकाच मॉडेलचे बेल्ट वेगळ्या लांबीचे असू शकतात. थोडा लांब बेल्ट बसतो तर व्यवस्थित, फक्त टेन्शनर शेवटच्या टोकाला जाऊन टेकतो आणि तिथून पुढे ताण द्यायला त्याच्याकडे काही उरत नाही.

चौथी : मल्टिमीटर

बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावा. इंजिन चालू, सगळं बंद असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसतात. आता हेडलाइट, पंखा, काचेचा हीटर लावा. आकडा थोडा उतरून स्थिर राहिला तर ठीक. आवाजाबरोबर १३ च्या खाली घसरला आणि रेस दिल्यावर वर आला, तर बेल्ट घसरतोय हे आता नुसतं कानाचं मत राहिलं नाही. आवाज नसताना व्होल्टेज कमी असेल, तर अल्टरनेटर किंवा वायरिंग बघावं लागेल, बेल्टचा त्यात दोष नाही. नव्या गाड्यांत संगणक व्होल्टेज मुद्दाम वर-खाली करतो, त्यामुळे तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नका.

पाचवी : ताण मोजणं

आधी बघा, तुमच्या गाडीत ताण द्यायची सोय कशी आहे. अल्टरनेटर लांब चीर असलेल्या पट्टीवर सरकत असेल किंवा आयडलर पुलीला (बेल्टला नुसता आधार देणाऱ्या पुलीला) लांब स्क्रू असेल, तर ताण हाताने लावायचा. स्प्रिंगचा टेन्शनर असेल, तर तिथे लावण्यासारखं काही नसतं, ते पुढे येईल. दोन्हीपैकी काहीच नसेल, तर बेल्ट स्वतःच ताणला जाणारा असतो. तो खास साधनाने चढवतात आणि उतरवला की पुन्हा वापरत नाहीत. पेचकसाने खेचून तो चढवू नका, आतले धागे तुटतात आणि बाहेरून काही कळत नाही.

हाताने लावायच्या बेल्टसाठी दोन पुल्यांमधला सगळ्यात लांब मोकळा भाग निवडा. मॅन्युअलमध्ये कोणता भाग मोजायचा ते चित्रात दाखवलेलं असतं, तोच घ्या. दोन पुल्यांवर एक सरळ पट्टी टेकवा, मधोमध बेल्टवर सुमारे १० किलोचा दाब द्या आणि बेल्ट पट्टीपासून किती खाली गेला ते मोजा. यालाच झोल म्हणू. मॅन्युअलमधला आकडा अंतिम. तो मिळेपर्यंत ढोबळ अंदाज म्हणून साधारण ३० सेंटिमीटरच्या मोकळ्या भागावर जुन्या धाटणीच्या व्ही-बेल्टला १० ते १३ मिलिमीटर झोल चालतो, रिबांच्या बेल्टला त्याहून कमी. मोकळा भाग लहान असेल, तर झोलही त्याच प्रमाणात कमी धरायचा. ‘अर्धा इंच दबला म्हणजे बरोबर’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, पण १५ सेंटिमीटरच्या भागावर अर्धा इंच दबणारा बेल्ट चक्क सैल असतो.

१० किलो म्हणजे नेमका किती दाब, हा प्रश्न रास्त आहे. वजनकाट्यावर अंगठा ठेवून काटा १० वर येईपर्यंत दाबा. पाच-सहा वेळा केलं की हाताला ओळख पटते. बहुतेकांचा अंगठा सुरुवातीला ५-६ किलोलाच थांबतो. मग बेल्ट ताठ वाटतो आणि सैल बेल्ट ‘ठीक आहे’ म्हणून सोडून दिला जातो.

फोनवरही मोजता येतं. आवाजाची कंपनसंख्या दाखवणारं अ‍ॅप उघडा, माइक बेल्टच्या मधोमध अगदी जवळ न्या आणि इंजिन बंद असताना पेचकसाच्या प्लॅस्टिकच्या मुठीने बेल्टला टिचकी मारा. काही उत्पादक मॅन्युअलमध्ये थेट हर्ट्झमध्येच आकडा देतात, तिथे ही पद्धत अंगठ्यापेक्षा कितीतरी भरवशाची. एक लक्षात ठेवा : ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. आकडा १० टक्के वर गेला, तर ताण २१ टक्के वाढलेला असतो. ‘थोडा जास्त राहिला तर काय बिघडतं’ असं म्हणताना हे आठवावं.

मॅन्युअलमध्ये नव्या आणि वापरलेल्या बेल्टचे आकडे वेगळे असतात, नव्याला ताण जास्त. काही उत्पादकांच्या लेखी चालू इंजिनवर ५ मिनिटं फिरलेला बेल्टही ‘वापरलेला’ ठरतो. नवा बेल्ट सुरुवातीला खाचांत बसतो, थोडा लांबतो आणि ताण उतरतो. हे त्याचं एकदाचंच सैल होणं, त्यात काळजी करण्यासारखं काही नाही.

सहावी : ताण लावणं

थंड इंजिनवर करा. अल्टरनेटरचा खालचा मोठा बोल्ट, ज्याच्यावर तो झुलतो, फक्त इतकाच सैल करा की अल्टरनेटर हाताने ढकलल्यावर जड जड हलेल. सगळा सोडला तर अल्टरनेटर तिरका होतो आणि त्याच तिरकेपणात आवळला जातो. मग तुम्ही ताणाचा आवाज घालवून चिमणीचा आवाज घेऊन घरी जाता. आता चिरेच्या पट्टीवरचा बोल्ट सैल करा आणि समायोजनाचा स्क्रू थोडा थोडा फिरवा, दर वेळी झोल मोजून. गरजेपेक्षा जास्त आवळला गेला, तर आधी बराच सैल करा आणि पुन्हा आवळत आकड्यावर या. सैल करत करत आकड्यावर थांबलात, तर स्क्रूच्या आट्यांतली मोकळीक शिल्लक राहते आणि ताण तिथूनच निसटतो.

स्क्रू नसलेल्या गाडीत पहारीने रेटावं लागतं. पहार अल्टरनेटरच्या पुलीजवळच्या जाड भागावर टेकवा. मागचं पातळ अ‍ॅल्युमिनियमचं कवच, तेलाचा फिल्टर, एसीचे पाइप किंवा प्लॅस्टिकचं काहीही आधार म्हणून वापरू नका. स्टिअरिंगच्या पंपाला तर त्याच्या टाकीवर किंवा नळीवर अजिबात जोर देऊ नका.

आवळताना आधी पट्टीवरचा बोल्ट, मग झुलण्याचा बोल्ट, दोन्ही मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या जोराच्या आकड्याला. मग झोल पुन्हा मोजा, कारण बोल्ट आवळताना अल्टरनेटर किंचित सरकतो. क्रँक पान्याने दोन फेरे फिरवा, पुन्हा मोजा. इंजिन १० मिनिटं चालवा, थंड होऊ द्या, पुन्हा मोजा. नवा बेल्ट असेल तर काहीशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. या शेवटच्या दोन मोजण्या टाळल्यामुळेच ‘नवीन बेल्ट घातला तरी आठवड्यात ओरडायला लागला’ ही तक्रार जन्माला येते.

आणि हो, जास्त नको. बेल्टने पुलीला अर्धा वेढा घातला असेल, तर पुलीच्या दांड्यावर बेल्टच्या ताणाच्या जवळजवळ दुप्पट ओढ येते. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं : भार दुप्पट झाला की आयुष्य आठवा हिस्सा. आवाज थांबावा म्हणून आणखी एक फेरा दिलेला बेल्ट वॉटर पंप खाऊन टाकतो तो असा. तेव्हा आवाज जाईपर्यंत आवळायचं नसतं, आकडा येईपर्यंत आवळायचं. आकड्यावर असूनही आवाज राहिला, तर दोष दुसरीकडे आहे.

ताण लावला, पुन्हा उतरला

बरोबर मोजून, बरोबर आवळून, महिन्याभरात झोल वाढला. आता बेल्टचा नाद सोडा आणि ज्यावर अल्टरनेटर टांगलाय ते बघा.

अशा वेळी मी आधी पट्टीवरचा बोल्ट काढतो आणि वॉशरखालची जागा पुसतो. बोल्ट घट्ट धरत असेल, तर तिथे वॉशरचा एकच स्वच्छ गोल ठसा असतो. सरकत असेल, तर ठशाच्या एका कडेला घासून चकचकीत झालेला चंद्रकोरीच्या आकाराचा पट्टा दिसतो आणि त्याच्या टोकाला गंजाची तपकिरी भुकटी. ही कोर दिसली की बाकी काही विचारावं लागत नाही. बोल्टच्या आट्या गेल्यात, चुकीचा वॉशर लागलाय, किंवा चिरेच्या कडा इतक्या झिजल्यात की बोल्टला टेकायला सपाट जागाच राहिली नाही. पट्टी आणि बोल्ट दोन्ही बदला. स्प्रिंग वॉशर घालून भागवू नका.

पट्टी ठीक असेल, तर झुलण्याचा बोल्ट काढून त्याचं भोक बघा. गोल भोक अंडाकृती झालं असेल किंवा आतली बुश (भोकातलं नळीसारखं अस्तर) सैल असेल, तर अल्टरनेटर भाराखाली पुढे झुकतो. उभी गाडी मोजली तर ताण बरोबर, चालू गाडीत सैल. मोजून काही सापडत नाही आणि आवाज मात्र जात नाही, अशा गाड्यांमध्ये मला हे वारंवार दिसलंय. बंद इंजिनवर अल्टरनेटर दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे हलवा. जरासुद्धा टक्-टक् जाणवली, तर ती बेल्टपर्यंत पोहोचते. इंजिनवर बसणाऱ्या ब्रॅकेटला तडा गेला असेल तरी हेच होतं, फक्त तो तडा तेलकट धुळीखाली दडलेला असतो. आधी घासून साफ करा, मग बघा.

सातवी : स्प्रिंगचा टेन्शनर

इथे ताण लावायचा नसतो, त्यामुळे दोनच शक्यता : बेल्ट चुकीच्या लांबीचा किंवा झिजलेला, नाहीतर टेन्शनर थकलेला. बऱ्याच टेन्शनरांच्या अंगावर दोन खुणा आणि एक बाण असतो. बाण त्या दोन खुणांच्या मध्ये असायला हवा. बाहेर गेला असेल, तर आधी बेल्टचा नंबर बघा.

इंजिन आयडलवर ठेवून दुरून टेन्शनरच्या दांड्याकडे बघा. थोडी थरथर असते, ते त्याचं कामच आहे. पण दांडा टेकांपर्यंत आपटत असेल किंवा बेल्टचा मोकळा भाग नजरेला दिसण्याइतका फडफडत असेल, तर त्याच्या आतलं धक्के शोषणारं घर्षणाचं अस्तर संपलंय. इंजिन बंद करून पाना लावून दांडा हळूहळू पूर्ण फिरवा आणि तसाच हळू परत आणा. जोर एकसारखा लागला पाहिजे. मध्येच अडकणं, खरखर, किंवा परत येताना आळस दिसला की टेन्शनर बदला. सोडून देऊन फटकन परत येऊ देऊ नका, बोटं सापडतात. दांड्याची पुली तिरकी बसलेली असेल, तर त्याची बुश गेली. त्याला दुरुस्ती नाही.

आठवी : बेल्ट उतरवून

बेल्ट उतरवण्याआधी त्याच्या मार्गाचा फोटो काढा. बॉनेटखाली चित्राची चिठ्ठी असतेच असं नाही. तोच बेल्ट परत घालायचा असेल, तर फिरण्याच्या दिशेचा बाण खडूने काढा.

प्रत्येक पुली हाताने फिरवा. नीट असलेली पुली गुपचूप फिरते. खरखर लागली, हाताला खडे जाणवले किंवा पुली वर-खाली हलली, तर बेअरिंग गेलं. आयडलर पुली बिनआवाज खूप वेळ गरगर फिरत राहिली, तर तेही चांगलं लक्षण नाही : आतलं ग्रीस वाळलंय. अल्टरनेटरला एकाच दिशेने अडकणारी क्लचची पुली असेल, तर ती एका बाजूला मोकळी आणि दुसऱ्या बाजूला दांड्याला घेऊन फिरली पाहिजे. दोन्हीकडे जाम किंवा दोन्हीकडे मोकळी असेल, तर बेल्ट फडफडण्याचं आणि टेन्शनर लवकर मरण्याचं मूळ तिथे आहे. असा टेन्शनर बदलला, तर नवा पण तसाच मरतो.

पुल्यांच्या खाचांत रुतलेलं रबर आणि खडे नायलॉनच्या ब्रशने काढा. लोखंडी ब्रशने ओरखडे पडतात.

मग रेषा. एक सरळ पट्टी क्रँक पुलीच्या तोंडावर टेकवून शेजारच्या पुल्यांपर्यंत न्या. काही पुल्यांच्या कडा वेगळ्या जाडीच्या असतात, म्हणून कडेऐवजी पहिल्या खाचेपासून मोजा. ३० सेंटिमीटरमागे दीड मिलिमीटरहून जास्त फरक असेल, तर मी ती पुली सोडत नाही. बऱ्याचदा कारण क्षुल्लक निघतं : अल्टरनेटर बदलताना एक वॉशर मागे राहिलेला, किंवा पुली दांड्यावर पूर्ण दाबली गेलेली नाही.

शेवटची क्रँक पुली. बऱ्याच इंजिनांत ती दोन तुकड्यांची असते, मध्ये रबराचा थर. रबर सुटलं की बाहेरची कडी डुगडुगते किंवा चक्क मागे राहते, आणि बेल्ट निर्दोष असूनही आवाज तसाच. कडी आणि आतल्या तुकड्यावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढा आणि काही दिवस गाडी चालवा. रेघ तुटून दोन ठिकाणी गेली, तर बाहेरची कडी आतल्या तुकड्यावर सरकतेय. ती फुटून निसटली तर आजूबाजूचं बरंच काही घेऊन जाते, तेव्हा हे बघितल्यावर गाडी लांब नेऊ नका.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

वॉटर पंपाच्या बेअरिंगला खेळ असेल किंवा कूलंट पाझरत असेल. क्रँक पुली डुगडुगत असेल. तिचा बोल्ट काढायला जबरदस्त जोर आणि आतला दांडा धरायचं साधन लागतं, आणि काही इंजिनांत तो बोल्टच टायमिंगचा गिअर आवळून धरतो. बेल्टपर्यंत पोहोचायला इंजिनचा माउंट सोडवावा लागत असेल, तर इंजिनला खालून आधार देणारं कोणी माहितगार हवं. ताणला जाणारा बेल्ट असेल आणि साधन नसेल. एसी कॉम्प्रेसरच जाम असेल, कारण तिथून पुढे दाबाखालचा वायू येतो. बेल्टवरचा तेलाचा उगम सापडत नसेल.

बेल्टनेच इंजिन चालू करणाऱ्या सौम्य हायब्रिड गाड्यांना तर घरी हात लावूच नका. तिथे बेल्ट दोन्ही दिशांनी ओढला जातो, टेन्शनरला दोन दांडे असतात, आणि गाडी स्वतःहून इंजिन फिरवू शकते.

वॉटर पंप याच बेल्टवर असेल आणि बॅटरीचा दिवा लागून तापमानाचा काटा चढायला लागला, तर बेल्ट बहुधा तुटलाय. तिथेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या. ‘जवळच तर आहे’ म्हणून नेलेल्या गाडीच्या इंजिनचं हेड वाकतं.

मेकॅनिककडे जाताना ‘बेल्ट आवळून द्या’ असं सांगू नका, तो आवळून देईल. आवाज कधी येतो, पाण्याच्या फवाऱ्याने काय झालं, भाराखाली व्होल्टेज किती उतरलं, झोल किती मिलिमीटर होता आणि मागच्या वेळी आवळल्याला किती किलोमीटर झाले, एवढं कागदावर लिहून द्या.